यहुदी-मराठी लग्न जमवताना: तारखेपासून माप ओलांडेपर्यंत काय काय करायचं

आधीच सांगते, हा लेख मुख्यतः बेने इस्राएल आणि मराठी हिंदू अशा जोडप्यांसाठी आहे, कारण मला तेच नीट माहितीये. मी ठाण्याची, आमच्या नात्यात अशी लग्नं झालीत, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. अमेरिकेत वगैरे असाल तर शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय तेही बघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेने इस्राएल म्हणजे आम्ही कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली अशी आमची आख्यायिका, पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवारी घाणा बंद म्हणून गावात नाव पडलं शनिवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, आणि घरची भाषा मराठी. त्यामुळे आमच्याकडच्या लग्नातही हळद आहे, मेहंदी आहे, हिरव्या बांगड्या आहेत, मंगळसूत्र आहे, नारळ तर प्रत्येक गोष्टीत आहे. म्हणजे अर्धं काम कोकणाने आधीच करून ठेवलंय.

माझं मत थोडक्यात असं की जे दोन्ही घरांत आधीपासून आहे ते एकत्र करा, आणि जे एकाच घरचं आहे ते वेगळं ठेवा पण पूर्ण करा. लोक नेमकं उलटं करतात. हळद दोन घरी दोन वेगळ्या करतात आणि मग सप्तपदी आणि यहुदी लग्नातले सात आशीर्वाद, दोन्हीकडे सात आकडा आहे म्हणून एकात एक घालतात, आणि त्यातून जे बनतं ते ना भटजींना ओळखू येतं ना आमच्या हझनना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना.

पायरी १: हॉल बुक करायच्या आधीची बोलणी

हॉल, मेकअप, फोटोग्राफर नंतर. आधी दोघांनी बसून तीन गोष्टी बोला.

पहिली म्हणजे धर्म कोणी बदलणार आहे का. यहुदी धर्मात येणं हे आठवड्याभराचं काम नाही, शिक्षण असतं, धर्मपीठासमोर जावं लागतं, त्यात बरेच महिने किंवा वर्षही जातं, त्यामुळे "लग्नाआधी पटकन करून घेऊ" असं कोणी काका म्हणत असतील तर त्यांना हे सांगा. बहुतेक जोडपी कोणीच बदलत नाहीत. मग पुढचं सत्य हे की मुंबई, ठाणे, पुण्यातल्या आमच्या परंपरागत सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, दोघंही यहुदी असल्याशिवाय लग्न लागत नाही. यात कोणाचा अपमान नाही, नियमच तसा आहे, किद्दुशीन हा लग्न लावण्याचा विधी दोन यहुदी व्यक्तींमध्येच धर्माने मान्य होतो. हे ज्यांना उशिरा कळतं त्यांच्या घरी फार रडारड होते, कारण आईने वर्षानुवर्षं डोळ्यासमोर लेकीचं लग्न तेब्यापाशीच, म्हणजे सिनेगॉगमधल्या व्यासपीठापाशीच, बघितलेलं असतं. म्हणून आईला आधी सांगा, गब्बाईंना, म्हणजे सिनेगॉगच्या कारभाऱ्यांना, नंतर विचारा.

दुसरी गोष्ट मुलं. परंपरागत नियमाने आई यहुदी तर मूल यहुदी. अमेरिकेतल्या यहुदींच्या रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, चळवळीने १९८३ साली ठरवलं की आई किंवा वडील, दोघांपैकी कोणीही एक यहुदी असेल आणि मूल त्या रीतीत वाढलं तर चालेल, पण आपल्याकडची सिनेगॉगं ते धरून चालत नाहीत. इस्राएलला जाण्याचा हक्क हा वेगळा विषय, तिथल्या कायद्यात १९७० च्या दुरुस्तीने यहुदी व्यक्तीच्या मुलांना, नातवंडांना आणि जोडीदारालाही येण्याचा हक्क दिलाय. या दोन गोष्टी लोक सतत एकत्र करतात. देशात यायला मिळणं वेगळं आणि तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, यहुदी मानणं वेगळं, आणि हे आम्हाला सांगायला नको, खुद्द बेने इस्राएल लोकांना सर्व बाबतीत पूर्ण यहुदी मानावं यासाठी १९६४ पर्यंत झगडावं लागलं होतं.

तिसरी गोष्ट देवघर. नवीन घरात मूर्ती असणार का, आरतीला यहुदी जोडीदार नुसता उभा राहणार की हात जोडणार, प्रसाद खाणार का. हे लग्नाच्या लेखात कशाला असं वाटेल, पण लग्नाच्या दिवशी गणेशपूजनाला बसायचं की नाही हा प्रश्न याच उत्तरावर अवलंबून आहे.

पायरी २: कायद्याचं लग्न

हे आधी उरकून घ्या, विधी नंतर निवांत. हिंदू विवाह कायदा १९५५ दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, म्हणजे मंडपात सप्तपदी झाली तरी एक जण यहुदी असेल तर त्यावर विसंबता येत नाही. तुमच्यासाठी रस्ता एकच, विशेष विवाह कायदा १९५४. त्याचं साधारण असं:

दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस राहिलेला पाहिजे. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवरून ऑनलाइनही भरता येते. नोटीस ऑफिसात लावतात, ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर पुन्हा नवी नोटीस. मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. तीन साक्षीदार. जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला.

जास्तीची फी भरून अधिकाऱ्याला ऑफिसपासून वाजवी अंतरावर दुसरीकडेही बोलावता येतं, कायद्यात तशी सोय आहे, पण माझं ऐकाल तर हॉलवर बोलावू नका, तिथे अक्षता, बँड, व्हिडिओवाला यांच्या गर्दीत सही कुठे करायची हे शोधत बसावं लागतं. आठवडाभर आधी ऑफिसात जा, साक्षीदार म्हणून दोन्ही घरची माणसं घ्या, बाहेर येऊन मिसळ खा, संपलं. विधी आधी करून नंतर याच कायद्याखाली नोंदणी करायचीही तरतूद आहे, पण त्यालाही ३० दिवसांची नोटीस लागतेच, मग वेळ काही वाचत नाही.

एक गोष्ट वकिलाला जरूर विचारा. या कायद्याखाली यहुदी व्यक्तीशी लग्न करणारा हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून वेगळा झालेला धरला जातो आणि पुढे वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे चालतो. गावाकडे सामाईक जमीन असेल तर हे आधी समजून घेतलेलं बरं, लग्नानंतर भाऊबंदकीत कळण्यापेक्षा.

पायरी ३: तारीख, म्हणजे खरी डोकेदुखी

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, त्यात लग्न नाही. म्हणजे शनिवारचा सकाळचा मुहूर्त, जो सगळ्या नोकरदार पाहुण्यांना सोयीचा असतो, तो बाद. रविवार उत्तम. मंगळवारही आमच्याकडे चांगला मानतात, कारण सृष्टीच्या कथेत रविवारपासून मोजून तिसऱ्या दिवशी "चांगलं आहे" असं दोनदा म्हटलंय.

मग सण. नव्याचा सण (यहुदी नववर्ष), दारफळणी म्हणजे किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास), सुक्कोत (मांडवांचा सण), पेसह (मिसरमधून सुटकेचा सण) हे दिवस वर्ज्य. पेसहाच्या दुसऱ्या दिवसापासून शावुओत या सणापर्यंत ४९ दिवस ओमेर मोजतात, त्यातला बराच काळ लग्नं टाळतात, काही घरी ३३ व्या दिवसापर्यंत, काही घरी त्याहून जास्त, आणि गोची अशी की हाच काळ आपल्या एप्रिल-मेच्या लग्नसराईचा. अक्षय्य तृतीया बहुतेक वर्षी ओमेरमध्येच येते. तेव्हा सासरच्यांनी "साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, पंचांगही बघायला नको" असं उत्साहाने सुचवलं तर लगेच हो म्हणू नका. नंतर पावसाळ्यात तम्मुझ या यहुदी महिन्याच्या १७ पासून पुढच्या आव महिन्याच्या नवमीपर्यंत तीन आठवडे शोकाचे, त्याचा शेवट म्हणजे आमचा बिरड्याचा रोजा, पण तेव्हा तसंही चातुर्मास लागलेला किंवा लागायच्या बेतात असतो, त्यामुळे तिथे भांडण होत नाही.

दोन्ही पंचांगं चंद्रावर चालणारी आणि अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेणारी आहेत, पण अधिक महिना दोघांचा एकाच वर्षी येईलच असं नाही, म्हणून मागच्या वर्षीच्या तारखा बघून अंदाज बांधू नका. दोन्ही कॅलेंडर समोर ठेवा.

सोपा मोकळा काळ सांगते: तुळशीचं लग्न झालं की पेसहापर्यंत. हनुक्का, आमचा दिव्यांचा सण, मध्ये येतो पण त्यात लग्न चालतं. हिंदू बाजूने पौष नको असेल तर मार्गशीर्ष, माघ आणि फाल्गुनाची सुरुवात उरते. त्यातले रविवार काढा, मग गुरुजींना त्या रविवारांपैकी मुहूर्त विचारा. उलट क्रमाने, म्हणजे आधी मुहूर्त मग आमचे सण, असं केलं की तीन-तीन वेळा तारीख बदलते.

पायरी ४: विधी कोण सांगणार

आमच्याकडे पूर्वापार रब्बी नसायचे, हझन प्रार्थना चालवतात. सिनेगॉगचे हझन मिश्र लग्न लावणार नाहीत, पण घरच्या मलिद्याला, म्हणजे गोड पोह्यांचं ताट ठेवून केलेल्या आभाराच्या प्रार्थनेला, येतील का, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, त्यांना अवघडल्यासारखं होईल असं विचारू नका, आधी घरातल्या मोठ्या माणसाला पाठवा. नाही म्हणाले तर मलिदा घरातला जाणता माणूसही करू शकतो, प्रार्थना पाठ असणारे मामा-काका प्रत्येक घरात एखादे असतातच.

हिंदू बाजूला पर्याय जास्त आहेत. मूर्ती, होम, कन्यादान यावर लवचीक असलेले गुरुजी हवेत, आणि ते पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारा. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलंय आणि त्यांच्या पद्धतीत मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात, अशी अर्थासकट चालणारी पोथी असली की आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना काय चाललंय ते कळतं आणि निम्मी भीती तिथेच जाते.

आणि एक पर्याय मला मनापासून आवडतो पण कोणाला सुचत नाही, तो म्हणजे सत्यशोधक पद्धत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. वधू-वर एकमेकांना वचन देतात, मंगलाष्टकं मराठीत, आणि देव म्हणजे निर्मिक, सगळ्यांना निर्माण करणारा, ज्याची मूर्ती नाही. आता मला सांगा, रोज शेमा, म्हणजे देव एकच असं सांगणारी प्रार्थना, म्हणणाऱ्या आजीला यात खटकण्यासारखं काय आहे? मराठी घराला आपल्या मातीतलं लग्न मिळतं आणि आमच्या घराला मूर्तीपुढे वाकायचा प्रश्न येत नाही. अर्थात मुलाकडच्यांना होम हवाच असेल तर हे गळी उतरवू नका, पण विषय तरी काढा.

पायरी ५: तीन याद्या

एका कागदावर तीन याद्या करा. एक, दोन्ही घरी आहे ते. दोन, एकाच घरी आहे पण दुसऱ्याला बघायला हरकत नाही. तीन, ज्यात दुसऱ्याला भाग घ्यायला सांगितलं तर त्याच्या श्रद्धेला धक्का बसेल.

पहिल्या यादीत हळद, मेहंदी, चुडा, मंगळसूत्र, फुलांचा शेहरा किंवा मुंडावळ्या, ओटीचा नारळ. हे सगळं एकत्र, एकाच घरी.

दुसऱ्यात आंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, सप्तपदीची पावलं, कानपिळी, नाव घेणं, आणि आमच्याकडून मलिदा, कत्तुबा (लग्नाचा करार), वाइनचा पेला, ग्लास फोडणं.

तिसऱ्यात गणेशपूजन, देवक, गौरीहर, होमात आहुती. आमच्याकडे मूर्तिपूजा हा साधा आवडी-निवडीचा मुद्दा नाही, दहा आज्ञांमधलाच आहे. मुलगी आमची असेल आणि गौरीहरापाशी बसायला सांगितलं तर ती बसेलही, प्रेमापोटी, पण मागे तिचे आजोबा खुर्चीतून उठून बाहेर जातील. म्हणून हे विधी मुलाकडच्यांनी सकाळी आपल्या घरी करून यावेत, ग्रहमख आणि देवक तसंही घरीच होतं. तशीच आमच्याकडची एक गोष्ट या यादीत येते, ती पुढे अंगठीच्या वचनात सांगते.

कन्यादान कुठल्याही यादीत टाका, आजकाल बऱ्याच मुलीच ते वगळतात.

पायरी ६: मेहंदी आणि मलिदा

यावर खर्च करा, वेळ द्या, कारण लग्नातला खरा एकत्र येण्याचा कार्यक्रम हाच. मेहंदी गुरुवारी ठेवा. आमच्याकडे नवरीबरोबर नवऱ्याच्याही बोटाला मेहंदी लावतात, मराठी नवऱ्यांना याची फार गंमत वाटते.

मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने केलेली आभाराची प्रार्थना आणि गोड पोह्यांचं ताट, हे जगातल्या बाकी यहुदी लोकांकडे नाही, आमचंच. अलिबागकडे खंडाळ्याला जो खडक आहे तिथे एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात, नवस फेडायला लोक तिथे जातात, लग्नाआधी जमलं तर दोन्ही घरच्यांनी मिळून एक दिवस जाऊन या, येताना नवगावची जुनी दफनभूमी आणि अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉगही होतं.

मलिद्याला शनिवारची रात्र छान, शब्बाथ संपल्यावर. शब्बाथ सरताना एलियाहूचं गाणं म्हणायची रीत जगभरच्या यहुदी लोकांत आहे, त्यामुळे वेळ बरोबर बसते. फक्त एक लक्षात ठेवा, शब्बाथ पाळणारं घर असेल तर खोबरं शुक्रवारी दुपारीच खवून फ्रीजमध्ये ठेवायचं, गूळ चिरून ठेवायचा, मनुका-बदाम निवडून ठेवायचे. शनिवारी रात्री फक्त पोहे भिजवायचे आणि कालवायचं, शिजवायचं काही नाही.

प्रमाण साधारण चाळीसेक माणसांना वाटण्यापुरतं: १ किलो जाडे पोहे धुवून निथळून, २ मोठे नारळ, अर्धा किलो गूळ किंवा साखर, वेलची, थोडं जायफळ, बदाम-पिस्ते-मनुका हाताला येतील तेवढे. पोहे मऊ पण सुटे राहिले पाहिजेत, लगदा नको. मोठ्या ताटात ढीग करायचा, भोवती फळं मांडायची, पाच प्रकारची, त्यात खजूर आणि केळी हवीतच, आणि वासासाठी सब्जाची डहाळी किंवा गुलाब. आधी एलियाहूचं गाणं, मग आशीर्वादाच्या ओळी, मग फळांवर बराखा, म्हणजे आशीर्वचन. झाडाच्या फळांची बराखा वेगळी, जमिनीच्या पिकाची वेगळी, आणि केळं जमिनीच्या पिकात जातं, हे ऐकून सासूबाई हमखास वाद घालतात, घालू द्या. वासाची पानं सगळ्यांकडे फिरवायची, मग खायचं.

सासरच्यांना यात काहीच परकं वाटत नाही, कारण ताटात पोहे, गूळ, नारळ, म्हणजे त्यांच्याच घरचा नैवेद्य वाटावा असं सगळं. पण नैवेद्य म्हणू नका आणि ताटापुढे उदबत्ती ओवाळू नका, एलियाहूला आम्ही पूजत नाही, त्याची आठवण काढतो. हे आधी प्रेमाने सांगून ठेवलं की झालं.

पायरी ७: लग्नाचा दिवस

रविवारी सकाळी एकत्र हळद. दुपारी किंवा संध्याकाळी लग्न, एकाच हॉलमध्ये पण दोन भाग, मध्ये अर्धा तास चहा-सरबत. मी नेहमी सुचवते की मराठी भाग आधी आणि यहुदी भाग नंतर, कारण मुहूर्त घड्याळावर असतो, आमचं पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतं.

आमच्याकडे नवरी आत येताना नवरा "योनाती" हे हिब्रू गाणं म्हणतो, तिच्याकडे बघत. नवरा हिंदू असेल तर त्याला पाठ करायला लावायचं की नाही? माझं मत, लावू नका, सुरात म्हणणारा एखादा भाऊ किंवा मामा असतो, त्याला म्हणू द्या. हे आंतरपाटाच्या आधी ठेवा, गाणं संपलं की आंतरपाट धरायचा आणि मंगलाष्टकं सुरू.

मंगलाष्टकं स्वतः लिहा. देवांची नावं असलेली दोन-तीन जुनी, आणि बाकी घरच्यांनी रचलेली, त्यात अब्राहम-सारा, इसहाक-रिबका घातले तरी वृत्तात छान बसतात. हे काही नवीन खूळ नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आमचे लोक पवित्र शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तनं करत होते, साकी-दिंडीसकट.

सप्तपदी होमाभोवती नको असेल तर सात तांदळाच्या राशींवरून चालवा, प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत. मंगळसूत्र दोन्हीकडचं, त्यामुळे ते या भागात घाला आणि ते घालताना आमच्याकडच्याही बायका पुढे बोलवा.

आता यहुदी भाग. हा धर्माच्या अर्थाने किद्दुशीन नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तसा आव आणू नका. अंगठी देताना जे पारंपरिक वाक्य म्हणतात, त्यात "मोशे आणि इस्राएलच्या रीतीप्रमाणे तू मला पवित्र झालीस" असं आहे. तिसऱ्या यादीतली आमची गोष्ट ती हीच. ते वाक्य दोघांपैकी एक जण त्या रीतीचा नसताना म्हणणं बऱ्याच जुन्या लोकांना खटकतं आणि मलाही. त्याऐवजी पवित्र शास्त्रातल्या शलोमोच्या गीतातली "अनी लेदोदी वेदोदी ली", म्हणजे मी माझ्या प्रियाची आणि तो माझा, ही ओळ दोघांनी एकमेकांना म्हणा, मागून मराठीतही म्हणा. अंगठी साधी, खड्याशिवाय.

कत्तुबा म्हणजे लग्नाचा करार. जुना मजकूर अरामी भाषेत आणि पूर्ण यहुदी लग्नासाठी असतो, तो तसाच उचलू नका. दोघांनी मिळून मराठी आणि हिब्रूत वचनं लिहा, सुलेखन करून घ्या, साक्षीदारांच्या सह्या घ्या. सरकारी कागद म्हणून याला किंमत नाही, तो तुमच्याकडे आठवडाभर आधीच आलेला असेल.

पेल्यात द्राक्षाची वाइन किंवा आमच्याकडे करतात ते काळ्या मनुकांचं सरबत. मनुका रात्रभर भिजवून कुस्करून गाळायचं. सरबतच ठेवा, मग दारू न पिणारे सासरेही पेला हातात धरतात. सात आशीर्वादांचा मराठी अर्थ सात नातेवाइकांना वाचायला द्या, दोन्ही घरचे मिसळून, आणि कागद मोठ्या अक्षरात छापा, चष्मा विसरणारा एक तरी असतोच.

डोकं झाकायला पुरुषांना किप्पा ही छोटी टोपी वाटतात. मराठी बाजूला फेटे असतील तर तेच पुरे, डोकं झाकलं म्हणजे झालं. दोन्ही एकावर एक घालायची गरज नाही, मी बघितलंय.

ग्लास फोडायचा प्रकार दोन कारणांनी बिघडतो. मंडपात नवरा अनवाणी असतो. त्याला ग्लास मंडपाबाहेर, बूट घालून फोडायला सांगा, आणि मेव्हण्यांनी बूट लपवले असतील तर ते आधी सोडवून आणा. ग्लास पातळ काचेचा, जाड रुमालात दोनदा गुंडाळलेला. दुसरं, लग्नात काच फुटणं म्हणजे अपशकुन असं वाटणाऱ्या आत्या-मावश्या असतात, म्हणून फोडण्याआधी माइकवर एक वाक्य सांगायचं, की यरुशलेमचं मंदिर पडलं त्याची आनंदातही आठवण ठेवतात. मग फोडा.

साडीचा रंग. आमच्या नवऱ्या पांढरी नेसतात, सासरी पांढरं लग्नात नको असतं. सोनेरी काठाची मोतिया साडी आणि हातभर हिरवा चुडा, यावर अजून तरी कोणी नाक मुरडलेलं बघितलं नाही. मराठी भागाला हिरवा शालू, यहुदी भागाला ही, मधल्या अर्ध्या तासात बदलायची.

पत्रिका आणि जेवण

पत्रिकेच्या डोक्यावर गणपती छापायचा की नाही यावर वाद होतात. दोन वेगळ्या पत्रिका छापा, मजकूर तोच, डोकं वेगळं, खर्च फार वाढत नाही. देवाचं हिब्रू नाव मात्र छापू नका, ते असलेला कागद आम्ही टाकत नाही, पुरतो, आणि लग्नपत्रिका तर रद्दीतच जाते.

जेवण शाकाहारी ठेवा. मांस ठेवलं की ते कोशर, म्हणजे यहुदी नियमाने, कापलेलं हवं, त्याबरोबर दही-तूप-पनीर नको, कोळंबी-खेकडे-तिसऱ्या तर मुळातच नाहीत, कॅटररला हे समजावता समजावता जीव जातो. शाकाहारीत तूप, श्रीखंड, मठ्ठा सगळं मोकळं. अगदी मासे हवेच असतील तर खवले आणि पर असलेले, पापलेट, सुरमई, रावस. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी आणि आमच्याकडचा गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा, एवढं पानात असलं की कोणी मटण विचारत नाही. विचारलंच तर दुसऱ्या दिवशी घरी करा.

परदेशात असाल तर

अमेरिकेत यहुदी जोडीदार बहुधा युरोपातून आलेल्या घराण्याचा असतो, तिथे मलिदा नाही, योनाती नाही, पण चार खांबांचा खुप्पा, म्हणजे लग्नाचं छत, आहे, आणि नवरी नवऱ्याभोवती सात फेऱ्या मारते. खुप्पा आणि मंडप एकच करणं सोपं आहे आणि छान दिसतं, वर आजोबांची प्रार्थनेची शाल बांधायची. ऑर्थोडॉक्स आणि कन्झर्व्हेटिव्ह रब्बी असं लग्न लावत नाहीत, रिफॉर्ममध्ये ज्या त्या रब्बीची मर्जी, त्यामुळे पहिला ईमेल रब्बीला. आणि मिश्र लग्न म्हणजे काहीतरी जगावेगळं असं घरच्यांना वाटत असेल तर सांगा की प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीत २०१० नंतर लग्न झालेल्या अमेरिकन यहुदी लोकांपैकी ६१ टक्क्यांचे जोडीदार यहुदी नव्हते.

होम करायचा असेल तर हॉटेलला आधी लेखी विचारा, आगीच्या नियमांमुळे बऱ्याच ठिकाणी आत अग्नी पेटवू देत नाहीत. लग्नाचं लायसन्स राज्याप्रमाणे बदलतं, न्यू जर्सीत अर्जानंतर ७२ तास थांबावं लागतं, न्यूयॉर्कमध्ये २४ तास. भारतातून आई-बाबा येणार त्याच आठवड्यात अर्ज करायला धावू नका. इस्राएलमध्ये तर मुलकी लग्नच नाही, मिश्र जोडपी सायप्रसला वगैरे जाऊन लग्न करतात आणि परत येऊन नोंद करतात.

पायरी ८: घरात पाऊल

माप ओलांडणं आणि मेझुझा, म्हणजे पवित्र मजकुराचा कागद असलेली दाराला लावायची डबी, या दोन गोष्टी एकाच उंबऱ्यावर होतात, इथे मात्र एकत्र करा. वर तोरण, उजव्या चौकटीला मेझुझा, खाली तांदळाचं माप. मेझुझा आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात, म्हणजे साधारण खांद्याच्या उंचीवर लावतात. बराखा म्हणून आधी मेझुझा ठोकायची, नवरीने हात लावून ओठांना लावायचा, मग माप.

नुसती शोभेची डबी घेऊ नका, आत हाताने लिहिलेला चामड्याचा कागद हवा, तो सिनेगॉगमधून मागवता येतो किंवा इस्राएलच्या नातेवाइकांना आणायला सांगा, महिना-दोन महिने आधी. भाड्याचं घर असेल तर राहायला गेल्यापासून ३० दिवसांत लावायची रीत आहे, त्यामुळे गृहप्रवेशापर्यंत कागद आला नाही तर त्या दिवशी फक्त माप ओलांडा आणि मेझुझा नंतरच्या एखाद्या रविवारी दोन्ही घरच्यांना जेवायला बोलावून लावा. ठोकायच्या आधी घरमालकाला चौकटीत खिळा चालतो का विचारा, नाही म्हणाला तर दोन बाजूंची चिकटपट्टीही चालते.